ईमेलच्या पडद्यावर काय बदलावं, काय तसंच राहू द्यावं

ऑगस्ट संपत आला की ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या गृहनिर्माण संस्थांमध्ये कागदपत्रांची धावपळ सुरू होते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी सभासदांपर्यंत पोचवायची, सोबत ताळेबंद आणि मागच्या सभेचं इतिवृत्त जोडायचं. पूर्वी वॉचमन वही घेऊन दारोदार फिरायचा आणि सह्या घ्यायचा. आता कितीतरी फ्लॅट भाड्याने दिलेले असतात; मालक पुण्यात, बंगळुरूत नाहीतर दुबईत. मग नोटीस ईमेलने जाते. आणि सभेच्या दिवशी हमखास कुणीतरी उभं राहतं: "मला नोटीस मिळालीच नाही." सेक्रेटरी फोन काढून पाठवलेल्या पत्रांची यादी दाखवतात, सभासद फोन काढून आपला इनबॉक्स दाखवतात. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात.

वाद माणसांचा दिसतो, पण त्याचं मूळ ईमेल प्रोग्रॅमच्या मांडणीत आहे. पाठवलेल्या पत्राचं पुढे काय झालं हे पाठवणाऱ्याला कळत नाही आणि आलेलं पत्र कुठल्या कप्प्यात पडलं हे घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही. म्हणून ईमेलच्या इंटरफेसमध्ये सुधारणा हवी का, हा प्रश्न आता फक्त संगणकवाल्यांचा राहिलेला नाही. विजेचं बिल, आयकर खात्याची नोटीस, मुलीच्या प्रवेशाचं पत्र, वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपला आलेली पर्चेस ऑर्डर, सगळं याच खिडकीतून येतं. महावितरणने तर कागदी बिल सोडणाऱ्याला बिलामागे १० रुपये सवलत देणारी 'गो ग्रीन' योजना आणली. लोकांना ईमेलकडे वळवायचं तर ती खिडकी सगळ्यांना नीट वापरता येते का, हे पाहणं ओघानेच आलं. माझं मत आधीच सांगतो: सुधारणा हवी आणि तातडीने हवी. पण गेली पंधरा वर्षं कंपन्या जिला सुधारणा म्हणत आल्या, ती बरीचशी भलत्याच जागी झाली आहे.

थोडं मागे जाऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा ज्यांनी 'शेल अकाउंट' घेतलं त्यांनी ईमेल पाहिला तो काळ्या पडद्यावर, पाइन नावाच्या प्रोग्रॅममधून. वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेल्या पाइनमध्ये चित्रं नव्हती, सजावट नव्हती. पण पडद्याच्या तळाशी दोन ओळींत कायम लिहिलेलं असे की या घडीला कुठली कळ दाबली तर काय होईल. नवशिक्याला तो पडदा रुक्ष वाटायचा, पण त्यात काही लपवलेलं नसायचं. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचं हॉटमेल आलं आणि ईमेल ब्राउझरमध्ये शिरला. मग मुंबईतूनच चालणारं रेडिफमेल. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने पैसे मोजून खातं उघडणारी एक अख्खी पिढी आपल्याकडे तयार झाली. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांनी लाखो मराठी मुलामुलींना, गृहिणींना, सरकारी नोकरांना 'कंपोज', 'अटॅच', 'सेंड' शिकवलं.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं, आणि इथे खरोखर नवा विचार झाला होता. हॉटमेल २ एमबी जागा देत असताना जीमेलने १ जीबी दिली. जागा एवढी, तर पत्र पुसायचं कशाला? बाजूला ठेवा, लागेल तेव्हा शोधा. एका विषयावरची पत्रं वेगवेगळी कशाला दाखवायची? एका साखळीत बांधा. फोल्डरऐवजी लेबल, पुसण्याऐवजी अर्काइव्ह, चाळण्याऐवजी शोध. आज आपण वापरतो त्या बहुतेक सगळ्या प्रोग्रॅमांवर या कल्पनांची छाप आहे. त्यांचे फायदे मोठे आहेत, आणि आजच्या बऱ्याच अडचणीही त्यांच्याच पोटातून आल्या आहेत.

त्यानंतर बदलांची रांग लागली. जीमेलचा चेहरा २०११ मध्ये बदलला, २०१३ मध्ये पत्रं आपोआप वेगवेगळ्या टॅबमध्ये वाटली जाऊ लागली, २०१८ आणि २०२२ मध्ये पुन्हा नवी मांडणी आली. मधल्या काळात गूगलने 'इनबॉक्स' नावाचा वेगळाच प्रोग्रॅम काढला. ऑक्टोबर २०१४ मध्ये आलेला हा प्रोग्रॅम अनेकांना मनापासून आवडला आणि एप्रिल २०१९ मध्ये तो बंदही झाला. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं साधं 'मेल' २०२४ च्या अखेरीस थांबवून लोकांना नव्या आउटलुककडे पाठवलं. देणग्यांवर चालणाऱ्या थंडरबर्डने जुलै २०२३ मध्ये 'सुपरनोव्हा' या नावाने नवं रूप घेतलं. जुन्या वापरकर्त्यांनी तक्रारी केल्या, पण थंडरबर्डने एक शहाणपण दाखवलं: नव्या कार्डांच्या मांडणीबरोबर जुनी तक्त्यासारखी मांडणीही ठेवली आणि ओळी किती दाट, किती विरळ हव्यात हे माणसावर सोडलं. या सगळ्या घडामोडींतला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

कारण 'काहीही बदलू नका' म्हणणाऱ्यांची बाजू आपण समजतो तेवढी आळशी नाही. कल्याणमधल्या एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात बसून पाहावं. तिथली अनुभवी सहायक सकाळपासून दुपारपर्यंत पत्रं उघडते, जोडपत्र उतरवते, ग्राहकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकते, 'मिळालं' असं उत्तर धाडते. तिची नजर कागदावर असते आणि हात स्क्रीनवरच्या ठरलेल्या जागी आपोआप जातो. बटण डावीकडून उजवीकडे गेलं, शब्द जाऊन नुसती आकृती आली की तिचा दिवसाचा वेग बसतो, चुका होतात आणि सप्टेंबरच्या गर्दीत त्या चुकीला दंडाची किंमत असते. ज्यांनी एमएस-सीआयटीच्या वर्गात वहीत पायऱ्या उतरवून ईमेल शिकला, त्यांची वही प्रत्येक नव्या रूपाबरोबर निकामी होते. साठीच्या पुढची माणसं तर बदलानंतर स्वतः हात लावायचंच सोडतात आणि पासवर्ड मुलाच्या हाती देतात. सवय ही वापरणाऱ्याची कमाई आहे आणि ती मोडायची तर तसंच सबळ कारण पाहिजे.

तसं सबळ कारण कुठे आहे? माझ्या मते चार ठिकाणी.

पहिलं ठिकाण सर्वांत धोक्याचं. फोनवर पत्र आलं की बहुतेक प्रोग्रॅम पाठवणाऱ्याचं फक्त नाव दाखवतात, पत्ता झाकून ठेवतात. नाव मात्र पाठवणारा स्वतः लिहितो, हवं ते लिहितो. डोंबिवली एमआयडीसीत किंवा वागळे इस्टेटमध्ये छोटा कारखाना चालवणाऱ्याला एक दिवस नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने पत्र येतं: आमचं बँक खातं बदललंय, या बिलाची रक्कम नव्या खात्यात भरा. नाव तेच, खालची सही तीच, जुन्या पत्रांचा धागाही खाली जोडलेला. पत्ता उघडून पाहिला तर एका अक्षराचा फरक. रोमन लिपीत 'आर' आणि 'एन' शेजारी आले की बारीक टायपात ते 'एम'सारखे दिसतात आणि लबाड माणूस नेमकं तेच करतो. पण पत्ता उघडायचा तर नावाखालच्या इवल्याशा बाणावर बोट टेकवावं लागतं. खचाखच भरलेल्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात फोन, अंगठ्याने हे कोण करणार? पैसे जातात. लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर ते अडवता येण्याची आशा असते, उशीर झाला की कठीण. इथे 'लोकांनी सावध राहावं' एवढं म्हणून भागणार नाही. ओळखीच्या नावाने अनोळखी पत्त्यावरून पत्र आलं, तर प्रोग्रॅमने ते ठळक अक्षरांत सांगायलाच हवं. हे तंत्राच्या आवाक्याबाहेरचं नाही. कार्यालयीन खात्यांसाठी आउटलुक असा इशारा वरच्या पट्टीत देतं. मग छोट्या उद्योजकाच्या फुकट खात्यालाच तो का मिळू नये?

दुसरं ठिकाण म्हणजे नजरेआड होणारी पत्रं. अँड्रॉइडवरच्या जीमेलमध्ये यादीतल्या पत्रावरून बोट आडवं फिरवलं की, सेटिंग बदललेलं नसेल तर, ते अर्काइव्ह होतं. क्षणभर तळाशी 'अनडू' दिसतं आणि जातं. पत्र पुसलेलं नसतं, 'ऑल मेल'मध्ये सुखरूप असतं. पण हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने ते हरवलं. टॅबची वाटणी तशीच. जाहिरातींचा पूर अडवायला ती उपयोगी आहे यात शंका नाही, पण एखादं बिल किंवा सोसायटीचं पत्र 'अपडेट्स'मध्ये पडलं तर पहिला टॅब पाहून 'आज काही आलं नाही' म्हणणारा माणूस चूक करत नसतो. त्यात साखळीची भर. सभेची तारीख बदलून दुरुस्त नोटीस जुन्याच पत्राला उत्तर म्हणून पाठवली, तर यादीत नवी ओळ दिसत नाही; जुनी ओळ वर सरकते. ज्याने पहिली नोटीस वाचली आहे तो दुसरी उघडेलच असं नाही.

तिसरं ठिकाण जागेचं. गूगलच्या फुकट खात्याला १५ जीबी मिळतात, पण ते एकट्या ईमेलचे नाहीत. ड्राइव्ह आणि फोटो त्यातच मोजले जातात. २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यात धरला जाऊ लागला. कुटुंबाच्या आणि इमारतीच्या ग्रुपवरची शुभेच्छांची चित्रं, लग्नाचे व्हिडिओ, नातवाचं नाचणं, सगळं मिळून एक दिवस जागा भरते आणि ईमेल येणंच थांबतं. पाठवणाऱ्याकडे पत्र परत जातं, घेणाऱ्याला मात्र आपल्याला कोण काय पाठवत होतं याचा पत्ता नसतो. जागा भरत आल्याची सूचना येते हे खरं. पण ती येते साठवणुकीच्या भाषेत, अमुक टक्के भरले म्हणून. 'आता तुम्हाला पत्रं येणार नाहीत, आणि जागा खाल्ली आहे व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओंनी' असं सरळ वाक्य हवं. कंपनीला जास्तीची जागा विकायची असते, त्यामुळे सूचनेचं बटण खरेदीकडे नेतं; साफसफाईची वाट शोधावी लागते. हा दोष मांडणीचा आहे आणि हेतूचाही.

चौथं ठिकाण आपल्या भाषेचं, आणि इथे थोडं थांबायला हवं. मराठी अक्षर पडद्यावर नीट उमटावं यासाठी आपल्याकडच्या माणसांनी फार कष्ट घेतले. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रात शिकवणारे र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हा फॉन्ट घडवला, तो विंडोज २००० बरोबर जगभर पोचला. त्याच संस्थेतून २०१३ मध्ये 'स्वरचक्र' हा फोनचा कीबोर्ड आला. आज जीमेलचा पडदा मराठीतही लावता येतो. तरी मराठी पत्रव्यवहार ईमेलमध्ये रुळलेला नाही, कारण अडचण पत्राच्या आतली आहे. सोसायटीची नोटीस अजून डीटीपीच्या दुकानात श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप होते. ती वर्डची फाइल म्हणून पाठवली तर समोरच्याकडे रोमन अक्षरांचा कचरा उघडतो, म्हणून पीडीएफ करतात किंवा सरळ कागदाचा फोटो काढतात. पीडीएफमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, पण खाली साठवलेली अक्षरं वेगळीच असतात. सहा महिन्यांनी 'पाणीपट्टी' असं शोधलं तर ते पत्र सापडत नाही.

युनिकोडमध्ये लिहिलं तरी सगळे प्रश्न सुटत नाहीत. जीमेलसारख्या प्रोग्रॅमचा शोध मुळात पूर्ण शब्द जुळवतो, शब्दाचा तुकडा नाही. मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटून येतो आणि शब्दाचं रूपही बदलतं. 'सभा' शोधल्यावर 'सभेची नोटीस' हाती लागेलच याची खात्री नसते. 'पार्किंग' शोधताना 'पार्किंगच्या' निसटू शकतं. जीमेलची सगळी इमारत 'ठेवा आणि शोधा' या तत्त्वावर उभी. शोधच लंगडा असेल तर मराठी माणसाच्या वाट्याला फक्त 'ठेवा' उरतं. पडद्यावरची बटणं मराठीत करण्याआधी कंपन्यांनी शोध मराठीला समजेल असा केला असता, तर त्याचा शंभरपट उपयोग झाला असता. देवनागरी पत्त्यांचंही तसंच अर्धवट राहिलं. '.भारत' हे डोमेन २०१४ मध्ये सुरू झालं, जीमेलनेही त्याच वर्षी अशा लिपींतल्या पत्त्यांशी पत्रव्यवहार मान्य केला. पण असा पत्ता असंख्य संकेतस्थळांच्या अर्जांत आजही चालत नाही.

या चारांच्या बाहेर एक गट आहे, ज्याचा विचार चर्चेत सहसा शेवटी होतो. दृष्टिहीन वापरकर्ते स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लावून ईमेल वापरतात. त्यांच्यातल्या अनेकांना, आणि संथ नेटवर्क असलेल्यांनाही, जीमेलची साधी एचटीएमएल मांडणी सोयीची होती. जानेवारी २०२४ पासून ती बंद करणार असल्याचं गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. नव्या मांडणीत कळफलकाने फिरता येतं, सोयी आहेत, हे मान्य. पण हाताशी बसलेली साधी वाट काढून घेतली की तोटा त्याच माणसाचा होतो, ज्याला ती वाट नव्याने शोधायला सर्वाधिक वेळ लागतो. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हा निकाल बँकांच्या केवायसीच्या निमित्ताने आला असला तरी ज्या ईमेलवर त्या बँकेची प्रत्येक सूचना येते, त्याला तो लागू नाही असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आता पुन्हा पोचेकडे येतो, कारण यावर जाणकारांतही एकमत नाही. महापालिकेच्या नागरी सुविधा केंद्रात अर्ज दिला की आवक क्रमांकाची पावती मिळते. कल्याण-डोंबिवली महापालिकेचं संगणकीकरण एकेकाळी राज्यातल्या इतर पालिकांना नमुना म्हणून दाखवलं गेलं, त्याचा गाभा हाच होता: प्रत्येक कागदाला नंबर, प्रत्येक नंबराला उत्तर. तोच अर्ज ईमेलने केला तर हातात काहीच पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपने २०१४ मध्ये निळ्या खुणा आणल्यापासून 'वाचलं की नाही' हे कळणं लोक गृहीत धरतात. आउटलुकमध्ये वाचल्याची पोच मागता येते. जीमेलमध्ये ती सोय ऑफिस-शाळांच्या खात्यांपुरती आहे, घरगुती खात्याला नाही. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की मी पत्र केव्हा वाचलं हा माझा खासगी मामला आहे. ते बरोबर आहे. पत्रात अदृश्य चित्र दडवून वाचणाऱ्यावर पाळत ठेवणाऱ्या कंपन्या आहेतच, आणि ती पाळत अडवण्यासाठी अ‍ॅपलने २०२१ मध्ये आपल्या मेलमध्ये वेगळी सोय केली. मला वाटतं, 'वाचलं' आणि 'पोचलं' यांत फरक करायला हवा. वाचल्याची पोच देणं घेणाऱ्याच्या मर्जीवर राहू द्यावं. पत्र समोरच्या खात्यात पडलं, परत आलं की नेटवर्क नसल्याने आपल्याच आउटबॉक्समध्ये अडकलंय, एवढं मात्र पाठवणाऱ्याला ठळक दिसलं पाहिजे. तिसरी शक्यता तर आपल्या फोनच्या आतलीच गोष्ट आहे, आणि तीसुद्धा कितीतरी प्रोग्रॅम मेनूच्या तळाशी ठेवतात.

हे सगळं कंपन्यांना सांगायचं कुणी? फुकट खातं वापरणाऱ्या एकट्या माणसाचं त्या ऐकणार नाहीत. मोठ्या ग्राहकाचं मात्र त्यांना ऐकावं लागतं. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल २०२५ पर्यंत चेन्नईच्या झोहोच्या यंत्रणेवर गेले. एवढा मोठा बदल होऊ शकतो, तर करारात चार अटी घालणंही होऊ शकतं. आपल्या राज्यात २०२२ च्या कायद्याने महापालिकांसह सर्व स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीत करणं बंधनकारक केलं. मग ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी ईमेलची सेवा घेताना विभक्तीसकट मराठी शोध, नागरिकाच्या पत्राला आपोआप आवक क्रमांक, पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता समोर आणि जुनी मांडणी निवडण्याची मुभा, एवढं लेखी मागायला हवं.

सोसायट्यांच्या कमिट्यांना तर कुणाची वाट पाहायचंही कारण नाही. या वर्षीची नोटीस युनिकोडमध्ये टाइप करून पत्रातच लिहा, फोटो नुसता जोडीला द्या. विषयाच्या ओळीत सोसायटीचं नाव आणि सभेची तारीख घाला. दुरुस्ती असेल तर नवं पत्र काढा, जुन्याला उत्तर देऊ नका. सगळ्यांचे पत्ते 'बीसीसी'त टाका, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसणार नाही. शेवटच्या ओळीत 'मिळाल्याचं कळवा' असं लिहा, आणि ज्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं नाही त्यांच्या दारी वही पाठवा.